लहान फोटो मोठा करताना

घरोघरी भिंतीवर फोटो असतात. देवाचे असतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात शेगावच्या गजानन महाराजांचा फोटो नाही, असे घर विरळाच. आणि देवांच्या शेजारी, थोडे बाजूला, घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो असतात. आजा असतो, आजी असते. कोणाचा बाप असतो, कोणाची माय असते. सणावाराला त्यांना हार घालतात. नवी सून घरात आली की तिला तो फोटो दाखवतात. "ह्या तुझ्या आजेसासू," असे सांगतात. नातवाने आजीला पाहिलेले नसते. त्याच्यासाठी आजी म्हणजे तो फोटोच.

म्हणून हा फोटो चांगला हवा. चेहरा ओळखू यायला हवा.

पण पुष्कळदा काय होते? समजा, मोताळ्याच्या एका घरी आजी वारली. वर्षश्राद्ध जवळ आले. तिचा फोटो मोठा करून भिंतीवर लावावा, असे घरच्यांना वाटले. मुलाच्या मोबाइलमध्ये एक छान फोटो होता. तो घेऊन मुलगा दुकानात गेला.

"भाऊ, हा फोटो बारा बाय अठराचा करून द्या."

"टाका व्हाट्सअपवर."

"टाकला."

दोन दिवसांनी फोटो मिळाला. मोबाइलवर आजी किती स्पष्ट दिसत होती! कागदावर मात्र तिचे डोळे पुसट झाले होते. गाल मेणासारखे गुळगुळीत दिसत होते. लुगड्याच्या काठाची नक्षी तर पार विरघळून गेली होती. पैसे गेले ते गेलेच, मनालाही रुखरुख लागली.

यात दोष कोणाचा? मोबाइलचा नाही. छापणाऱ्या यंत्राचाही नाही. फोटो मोठा करण्याआधी त्याची जी तयारी करावी लागते, ती कोणी केली नव्हती. ही तयारी अवघड नाही. तिला थोडा हिशेब लागतो आणि थोडा धीर लागतो. ती कशी करावी, ते आम्ही येथे सांगणार आहोत.

फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी

आपल्या दारात आयाबाया ठिपक्यांची रांगोळी काढतात. आधी ठिपके मांडतात, मग ते जोडतात. मोबाइलमधला फोटो हा असाच ठिपक्यांचा बनलेला असतो. फरक एवढाच, की येथे ठिपके जोडावे लागत नाहीत. ते एकमेकांना अगदी चिकटून बसलेले असतात. प्रत्येक ठिपक्याला आपला एक रंग असतो. या ठिपक्याला 'पिक्सेल' म्हणतात.

प्रत्येक ठिपक्याचा रंग मोबाइल तीन आकड्यांत लिहून ठेवतो. एक आकडा तांबड्या रंगाचा, एक हिरव्याचा, एक निळ्याचा. प्रत्येक आकडा शून्यापासून २५५ पर्यंत असतो. या तीन आकड्यांच्या मेळातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग तयार होतात. म्हणजे फोटो ही एक आकड्यांची भली मोठी वही आहे, असे समजा.

जगातला असा पहिला फोटो १९५७ साली तयार झाला. अमेरिकेत रसेल कर्श नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा कागदावरचा फोटो यंत्राने वाचून गणकयंत्रात घातला. त्या फोटोत आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके होते. एकूण झाले ३०,९७६. म्हणजे हा पहिला फोटोसुद्धा घरातल्या माणसाचाच होता!

आज आपल्या खिशातल्या साध्या मोबाइलचा फोटो बहुधा आडवा ४००० आणि उभा ३००० ठिपक्यांचा असतो. गुणाकार करा. १ कोटी २० लाख ठिपके झाले. दहा लाख ठिपक्यांना एक 'मेगापिक्सेल' म्हणतात. म्हणून या फोटोला बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणतात.

आता कोणी म्हणेल, "माझ्या मोबाइलवर तर पन्नास मेगापिक्सेल लिहिलं आहे." खरे आहे. पण असे मोबाइल नेहमीच्या वापरात चार-चार ठिपक्यांचा मिळून एक ठिपका करतात. त्यामुळे अंधुक उजेडातही फोटो बरा येतो. म्हणून पन्नासचा मोबाइलही रोजचा फोटो साधारण बाराचाच काढतो. पूर्ण पन्नासचा फोटो काढायची सोय त्यात वेगळी असते. भरपूर उजेड असेल तेव्हाच तिचा उपयोग होतो.

एक गोणी बियाणे आणि चार एकर वावर

आता मुख्य गोष्ट. ती शेतकऱ्याला चटकन कळेल.

एक गोणी बियाणे आहे. ते एक एकर वावरात पेरले तर पीक दाट येते. तेच बियाणे चार एकरांत पेरले तर? रोपे विरळ होतात. मधली काळी जमीन दिसू लागते. बियाणे तेवढेच, वावर मोठे झाले.

फोटोचे असेच आहे. ठिपके तेवढेच असतात. कागद मोठा केला की ते विरळ होतात. कागदावर एक इंच लांबीत किती ठिपके बसले, यावर फोटोचा दाटपणा ठरतो. दुकानात याला 'डीपीआय' म्हणतात. तो शब्द ऐकून घाबरू नका. एका इंचात किती ठिपके, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चार बाय सहाचा फोटो आठ बाय बाराचा केला तर माणूस म्हणतो, दुप्पट केला. पण क्षेत्र मोजा. चार गुणिले सहा म्हणजे २४ चौरस इंच. आठ गुणिले बारा म्हणजे ९६ चौरस इंच. दुप्पट नव्हे, चौपट झाले! बारा बाय अठरा केला तर नऊपट होते. म्हणून लहान फोटोत जी खोट लपून राहते, ती मोठ्या फोटोत उघडी पडते.

किती ठिपके पुरतात?

फोटो हातात घेऊन, फूटभर अंतरावरून पाहायचा असेल, तर इंचाला ३०० ठिपके असावेत. तेवढे असले की आपल्या डोळ्यांना ठिपके सुटे सुटे दिसत नाहीत. सगळे एकसंध दिसते. भिंतीवरचा फोटो आपण दोन-तीन हातांवरून पाहतो. त्याला इंचाला २०० ठिपके चालतात. १५० पर्यंतही निभावते. त्याखाली गेले की चेहरा पुसट दिसू लागतो.

चौकातल्या फ्लेक्सचे गणित निराळे आहे. तो माणूस वीस-पंचवीस फुटांवरून पाहतो. त्याला इंचाला पन्नास-साठ ठिपकेही पुरतात. जवळ जाऊन पाहा, ठिपके मोजता येतील. म्हणून "फ्लेक्सवर तर हाच फोटो चांगला दिसला होता," असे म्हणून घरचा फोटो छापू नये.

इंचाला ३०० या मापाने लागणारे ठिपके असे:

चार बाय सहा इंचांसाठी १२०० गुणिले १८००.
पाच बाय सातसाठी १५०० गुणिले २१००.
आठ बाय दहासाठी २४०० गुणिले ३०००.
आठ बाय बारासाठी २४०० गुणिले ३६००.
बारा बाय अठरासाठी ३६०० गुणिले ५४००. इंचाला २०० धरले तर २४०० गुणिले ३६०० पुरतात.

हा हिशेब पाठ करायची गरज नाही. इंचांना २०० ने किंवा ३०० ने गुणायचे, की झाले.

आपल्या फोटोत किती ठिपके आहेत, ते कसे कळणार? मोबाइलच्या गॅलरीत फोटो उघडा. 'माहिती' किंवा 'डिटेल्स' असे लिहिलेले असते, तेथे बोट लावा. ४००० गुणिले ३००० असा काही आकडा दिसेल. दुकानात जायच्या आधी हा आकडा जरूर पाहा.

ठिपके गळतात कोठे?

आता मघाच्या त्या फोटोकडे वळू. मुलाच्या मोबाइलमध्ये फोटो ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा होता. तो बारा बाय अठराच्या कागदाला पुरला असता. मग बिघडले कोठे?

व्हाट्सअपवर साधा पाठवला, तेथे बिघडले. व्हाट्सअप फोटो लवकर पोचावा म्हणून त्याला दाबून लहान करते. लांब बाजूला साधारण १६०० ठिपके ठेवते आणि बाकीचे टाकून देते. १६०० गुणिले १२०० म्हणजे १९ लाख २० हजार. १ कोटी २० लाखांतले एवढेच राहिले. सहा ठिपक्यांतला जेमतेम एक! ते अठरा इंचांवर पसरले तर इंचाला ९० सुद्धा येत नाहीत. मग डोळे पुसट होतील नाही तर काय?

मोबाइलच्या छोट्या पडद्याला तेवढे ठिपके पुरतात. म्हणून तेथे फोटो छान दिसतो. कागद मात्र काही झाकून ठेवत नाही.

उपाय सोपा आहे. व्हाट्सअपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तसा पाठवला की तो जसाच्या तसा जातो. २०२३ सालापासून 'एचडी' म्हणून पाठवायचीही सोय झाली आहे. ती साध्यापेक्षा बरी. पण डॉक्युमेंट सर्वांत चांगले. नाही तर मोबाइल घेऊनच दुकानात जावे आणि तारेने किंवा पेनड्राइव्हवर फोटो द्यावा.

ठिपके गळायच्या आणखीही जागा आहेत.

फोटो काढताना दोन बोटांनी चित्र जवळ ओढणे, ही पहिली जागा. साध्या मोबाइलमध्ये त्याने काच पुढे जात नाही. कडेचे ठिपके फक्त कापले जातात. त्यापेक्षा आपणच दोन पावले पुढे जावे.

स्टेटसवरच्या किंवा फेसबुकवरच्या फोटोचा स्क्रीनशॉट घेणे, ही दुसरी. त्यात पडद्यावर दिसले तेवढेच ठिपके येतात.

पुन:पुन्हा बदल करून सेव्ह करणे, ही तिसरी. मोबाइलचा फोटो बहुधा 'जेपीईजी' नावाच्या पद्धतीने साठवलेला असतो. तो उघडून, बदलून परत साठवला की दर खेपेला थोडा झिजतो. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स काढल्यासारखे होते. नुसता पाहिल्याने किंवा पेनड्राइव्हवर उतरवल्याने मात्र झिजत नाही.

म्हणून मूळ फोटो कोणाकडे आहे, त्याचा शोध घ्या. ज्याच्या मोबाइलने काढला, त्याच्याकडे मूळ असतो. बाकीच्यांकडे व्हाट्सअपची प्रत असते. पुण्याला कामाला गेलेल्या पुतण्याने फोटो काढला असेल, तर त्याला फोन करा. "मूळचा फोटो डॉक्युमेंट करून पाठव," असे सांगा. एका फोनने काम होते.

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

कोणी म्हणेल, "आता यंत्र सगळं करतं. पुसट फोटोही स्पष्ट करून देतं."

हे नीट समजून घ्या. जुन्या पद्धतीची यंत्रे ठिपके वाढवतात, म्हणजे काय करतात? शेजारच्या दोन ठिपक्यांच्या रंगांवरून मधला रंग ठरवतात. त्याने फोटो गुळगुळीत होतो. पण नवी माहिती येत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

अलीकडे कृत्रिम बुद्धीची यंत्रे आली आहेत. ती याच्या पुढे जातात. त्यांना लाखो चेहरे दाखवून शिकवलेले असते. पुसट डोळा दिसला की ती आपल्या अंदाजाने नवा डोळा काढतात. चित्र अगदी स्पष्ट येते. पण तो डोळा आजीचा नसतो! तो कोणाचाही असू शकतो.

आपल्याकडे जुन्या बायांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असे. यंत्राला ते डाग वाटते आणि ते पुसून टाकते. कोणाच्या गालावर तीळ असतो, कोणाच्या भुवईवर लहानपणी पडल्याची खूण असते. यंत्र तेही साफ करते. सुरकुत्या काढून टाकते. सावळी आजी गोरी होते. फोटो सुंदर दिसतो. पण घरातली लेक तो पाहून म्हणते, "ही आमची माय नाही."

उन्हातान्हात निंदण-खुरपण करून आलेल्या त्या सुरकुत्या आहेत. त्या काढल्या तर आजीचे आयुष्यच काढल्यासारखे होईल. म्हणून दुकानदाराला आधीच बजावून सांगा: "गोरं करू नका. गोंदण काढू नका. सुरकुत्या राहू द्या. फक्त धूळ आणि ओरखडे काढा." यंत्राची मदत घ्यायचीच असेल तर थोडी घ्या. मग जिने त्या माणसाला रोज पाहिले, तिला आधी दाखवा. तिने "हो" म्हटले तरच छापा.

यंत्राच्या मदतीपेक्षा सरळ उपाय म्हणजे फोटो लहान छापावा. पुसट बारा बाय अठरापेक्षा स्पष्ट पाच बाय सात बरा. तो मोठ्या चौकटीत, भोवती रुंद पांढरा कागद सोडून बसवला, की भिंतीवर छान उठून दिसतो.

कागदावरचा जुना फोटो असेल तर

पुष्कळ घरांत म्हाताऱ्या माणसाचा मोबाइलवर फोटोच नसतो. ओळखपत्रावरचा असतो, नाही तर पासबुकावर चिकटवलेला असतो. लग्नाच्या अल्बममध्ये घोळक्यात कोठे तरी चेहरा दिसतो.

यांतला कोणता घ्यावा? ओळखपत्रावरची छपाई फार बारीक असते. ती शेवटचा उपाय म्हणून ठेवा. पासबुकावरच्या फोटोवर शिक्का असतो. त्यापेक्षा अल्बममधला खरा फोटो बहुधा चांगला निघतो. पासपोर्ट आकाराच्या फोटोंची पाकिटे घरात पडलेली असतात. पेटीत, कागदांच्या गाठोड्यात शोधा. जुनी निगेटिव्ह सापडली तर फारच उत्तम. कागदापेक्षा निगेटिव्हमध्ये बारकावा अधिक असतो.

फोटो सापडला की तो स्कॅनरवर उतरवावा. स्कॅनर म्हणजे झेरॉक्स यंत्रासारखे काचेचे यंत्र. पासपोर्टचा फोटो ३.५ गुणिले ४.५ सेंटिमीटर असतो. तो स्कॅन करताना "इंचाला ६०० वर करा," असे सांगा. त्यातून साधारण ८२७ गुणिले १०६३ ठिपके मिळतात. पाच बाय सात इंचांच्या कागदावर ते इंचाला १५० हून थोडे अधिक पडतात. भिंतीला ते चालते. आकडा आणखी वाढवून फारसा लाभ नाही. कागदावर जेवढे आहे, तेवढेच यंत्र वाचणार. पुढे कागदाचे रवे आणि धूळच मोठी दिसू लागते.

स्कॅनर जवळ नसेल तर मोबाइलनेही फोटो काढता येतो. पण अशी काळजी घ्या. फोटो चौकटीतून बाहेर काढा, म्हणजे काचेची चमक येणार नाही. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तो फाटेल. तो काचेसकटच स्कॅन करावा. सुटा फोटो दाराजवळ, सावलीच्या उजेडात सपाट ठेवा. ऊन नको, फ्लॅश नको. मोबाइल फोटोच्या बरोबर वर, समांतर धरा. तिरका धरला तर चेहरा निमुळता होतो. मोबाइलची काच आधी मऊ फडक्याने पुसा. आणि एक नव्हे, पाच-सहा फोटो काढा. त्यांतला सर्वांत स्पष्ट निवडा.

जुना फोटो पाण्याने किंवा ओल्या फडक्याने पुसू नये. मऊ कोरड्या कुंच्याने धूळ झटकली की पुरे.

तयारीचा क्रम

फोटो हाती आला. आता त्याची तयारी कोणत्या क्रमाने करावी? आपण स्वत: करा किंवा दुकानात करून घ्या, क्रम हाच ठेवा.

पहिले काम: मूळ फोटोची प्रत करा. मूळ बाजूला जपून ठेवा. सगळे बदल प्रतीवर करा. काही बिघडले तर मूळ आहेच.

दुसरे: फोटो सरळ करा आणि कडा कापा. मोबाइलचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो. बारा बाय अठराचा कागद तीनास दोन असतो. म्हणजे थोडे कापावे लागणारच. ते आपण ठरवून कापावे. यंत्रावर सोडले तर कधी डोक्यावरचा पदरच जातो. चौकटीच्या पट्टीखालीही कडेचा थोडा भाग झाकला जातो. वर हार येतो. म्हणून डोक्यावर मोकळी जागा ठेवा.

तिसरे: उजेड-अंधार नीट करा. चेहरा काळा पडला असेल तर थोडा उजळा. पण पांढरे लुगडे, पांढरी टोपी, धोतर यांवर लक्ष ठेवा. ते निव्वळ पांढरे झाले की त्यांच्या घड्या दिसेनाशा होतात.

चौथे: रंग नीट करा. त्याबद्दल पुढे सांगतो.

पाचवे: धूळ, ओरखडे, बुरशीचे डाग काढा.

सहावे: कागदाच्या मापाचा आकार करा.

सातवे, आणि हे शेवटीच करायचे: कडा थोड्या धारदार करा. दुकानात याला 'शार्प' करणे म्हणतात. हे मीठासारखे आहे. चिमूटभर घातले तर चव येते, मूठभर घातले तर खारट होते. जास्त शार्प केले की चेहऱ्याभोवती पांढरी रेघ दिसते आणि कातडी खडबडीत होते.

आठवे: नव्या नावाने साठवा. जेपीईजीत साठवताना गुणवत्ता सर्वांत वरची निवडा.

रंग खरा असावा

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. पुष्कळांनी त्याचे फोटो काढले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता. आता असा फोटो शाळेच्या भिंतीसाठी मोठा करायचा आहे. छापणाऱ्याला वाटेल, पाणी गुलाबी कसे असेल? तो रंग 'सुधारून' निळा करील. मग त्या फोटोत राहिले काय? दुसरा कोणी रंग भडक करून पाणी लालबुंद करील. तेही खोटेच. रंग हीच त्या फोटोतली बातमी आहे.

माणसाच्या फोटोचेही तसेच. लुगड्याचा रंग घरच्यांना ठाऊक असतो. तो सांगावा. जमले तर ते लुगडेच दुकानात न्यावे.

आणखी एक अडचण येते. मोबाइलवर फोटो उजळ दिसतो, कागदावर काळपट येतो. का बरे? मोबाइलच्या पडद्याला स्वत:चा उजेड असतो. कागदाला नसतो. खोलीतला उजेड त्याच्यावर पडतो, तेव्हा तो दिसतो. म्हणून तयारी करताना पडद्याचा उजेड निम्म्यावर आणावा. मग जे दिसेल ते कागदाच्या जवळचे असते.

आधी नमुना, मग फोटो

शितावरून भाताची परीक्षा करतात. येथेही तसेच करा. मोठा फोटो छापण्याआधी त्याचा एक तुकडा छापून मागा. मोठ्या आकारात जसा येणार तसाच, फक्त डोळे आणि नाक एवढा भाग, चार बाय सहाच्या कागदावर. त्याला फार पैसे लागत नाहीत. तो कागद घेऊन दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात या. डोळे स्पष्ट आहेत का? रंग बरोबर आहे का? आवडले तर पुढे जा.

कागद दोन तऱ्हेचे मिळतात. चकचकीत कागदावर रंग उठून दिसतात, पण उजेड पडला की तो चमकतो. मंद, म्हणजे 'मॅट' कागद कमी चमकतो. समोर दार-खिडकी असलेल्या भिंतीला तो बरा.

चौकट करताना फोटो काचेला चिकटू देऊ नका. मध्ये जाड कागदाची पट्टी घाला. पावसाळ्यात ओल धरली की फोटो काचेला चिकटतो. ओलीच्या भिंतीवर आणि उन्हाच्या झोतात फोटो लावू नका. उन्हाने रंग उडतात. हळदकुंकू काचेवर लावा, कागदावर नको. दिवा आणि उदबत्ती थोडी दूर ठेवा.

आणि छापला म्हणून मोबाइलमधला फोटो पुसू नका. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो. दोन ठिकाणी ठेवलेली वस्तू सहसा हरवत नाही.

सर्वांत चांगली तयारी

एवढे सगळे वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली असेल. फोटो मुळात चांगला असला तर पुढचे सगळे सोपे. मूळ वाईट असले तर पुढे किती खटपट केली तरी थोडेच साधते.

म्हणून आमचे सांगणे असे आहे. घरात म्हातारी माणसे असतील, तर त्यांचा एक चांगला फोटो आजच काढून ठेवा. त्याला मोठा कॅमेरा लागत नाही. सकाळी त्यांना दाराजवळ, ओट्याच्या सावलीत बसवा. चेहऱ्यावर बाहेरचा उजेड येऊ द्या. मागे साधी भिंत असावी. मोबाइलची काच पुसा. दोन्ही हातांनी मोबाइल स्थिर धरा, कोपरे अंगाला टेकवा. पडद्यावर त्यांच्या डोळ्यावर बोट लावा, म्हणजे डोळा स्पष्ट येईल. चेहरा गुळगुळीत करणारी 'ब्यूटी'ची सोय बंद करा. घाई करू नका. त्यांच्याशी बोला, पिकापाण्याचे, नातवंडांचे काही विचारा. त्या बोलताना हसतील, तेव्हा फोटो काढा. दहा-बारा काढा.

काही म्हातारी माणसे म्हणतात, "माझा कशाला काढता? मी काय आता नवरी आहे?" त्यांना म्हणा, "आमच्यासाठी काढतो." मग त्या पदर नीट करून बसतील.

हे काम पुढल्या सणावर टाकू नका. कागद, चौकट आणि यंत्र केव्हाही मिळतात. समोर बसलेले माणूस तेवढे केव्हाही मिळत नाही.

आता करून पाहा

१. तुमच्या मोबाइलमधला एक फोटो उघडा. त्यात आडवे व उभे किती ठिपके आहेत, ते वहीत लिहा.

२. तो फोटो आठ बाय दहाचा करायचा आहे. इंचाला २०० ठिपके धरले तर किती गुणिले किती ठिपके लागतील?

३. १६०० गुणिले १२०० ठिपक्यांचा फोटो आहे. इंचाला २०० धरले तर तो जास्तीत जास्त किती इंचांचा छापता येईल?

४. घरातल्या एखाद्याला फोटो एकदा साधा आणि एकदा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन्हींचे ठिपके ताडून पाहा.

५. दुकानदाराला काय करू नका म्हणून सांगाल? तीन गोष्टी लिहा.

(उत्तरे: दुसऱ्याचे १६०० गुणिले २०००. तिसऱ्याचे आठ बाय सहा इंच.)